कोल्हापुरात उभा राहिलेला रावण



आयोजकांनी मला मराठी चित्रपटाच्या सुवर्णकाळावर बोलायला सांगितलं होतं. विषय जिव्हाळ्याचा आहे. पण बंगळूरला यायचं आणि प्रभातच्या तुतारीवर बोलून परत जायचं, हे मनाला पटेना. ती तुतारी तुम्ही माझ्याइतकीच ऐकली आहे. म्हणून मी विचारलं, की तुमच्या या शहराच्या नटाविषयी, एका कानडी नटाविषयी बोललो तर चालेल का? त्यांनी आनंदानं होकार दिला, त्याबद्दल त्यांचे आभार.

तर आज मी बोलणार आहे आर. नागेंद्रराव यांच्याविषयी. जन्म १८९६, चित्रदुर्गाकडच्या होळलकेरेचा. मृत्यू १९७७. तुमच्यापैकी जे इथेच शाळेत गेले, त्यांना हे नाव माहीत असेल. जे नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून आले, त्यांना बहुधा नसेल. आणि मराठी माणसानं या नटाची ओळख करून घ्यायला एक खास कारण आहे. ते सांगण्यासाठी तुम्हाला आधी सिटी मार्केटजवळ घेऊन जातो.

तारीख ३ मार्च १९३४. सिटी मार्केटजवळचं पॅरामाउंट थिएटर. कानडी भाषेतला पहिला बोलपट 'सती सुलोचना' त्या दिवशी इथे लागला. म्हैसूर संस्थानातल्या माणसांनी पडद्यावरची माणसं पहिल्यांदा आपल्या भाषेत बोलताना ऐकली. इंद्रजित झाले होते एम. व्ही. सुब्बय्या नायडू, सुलोचना त्रिपुरांबा, मंदोदरी लक्ष्मीबाई, आणि लंकेचा राजा रावण म्हणजे आपले नागेंद्रराव.

हा रावण कुठे चित्रित झाला? म्हैसूरला नाही, मद्रासला नाही, बंगळूरलाही नाही. तो उभा राहिला कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनच्या स्टुडिओत! कानडी बोलपटाचा जन्म आपल्या करवीरनगरीतला आहे. किती मराठी माणसांना हे ठाऊक असतं? कोल्हापुरातही फार थोड्यांना.

जरा त्या मंडळींकडे बघा. निर्माते चमनलाल डुंगाजी, बंगळूरचे मारवाडी व्यापारी. दिग्दर्शक वाय. व्ही. राव, नेल्लोरकडचे तेलुगू गृहस्थ. चित्रपटात लक्ष्मणही तेच झाले. लेखक बेळ्ळावे नरहरी शास्त्री, कानडी रंगभूमीचे. नट कानडी. आणि स्टुडिओ मराठी मुलखातला. खर्च चाळीस हजार रुपये सांगितला जातो.

कोल्हापूरच का? कारण आवाज मुद्रित करण्याची सोय. मूकपट बंगळूरलाही निघत होते. मोहन भवनानींचा 'वसंतसेना' इथेच झाला, त्यात कैलासम होते, कमलादेवी चट्टोपाध्याय होत्या. पण १४ मार्च १९३१ला मुंबईत 'आलम आरा' बोलला आणि दक्षिणेतल्या सगळ्या भाषा एकदम परक्या गावाच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पहिला तमिळ बोलपट 'कालिदास' मुंबईत झाला. प्रभातनं तमिळ 'सीता कल्याणम्' काढला. 'भक्त ध्रुव' हा कानडी बोलपट दिग्दर्शित केला पार्श्वनाथ आळतेकरांनी. नाट्यमन्वंतरचे आळतेकर, तेच! तमिळ, तेलुगू, कानडी नटांनी त्या वर्षांत उत्तरेची गाडी धरली. नागेंद्ररावही मुंबईला गेले आणि तिथे तयार होणाऱ्या तमिळ बोलपटांतून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. म्हणजे कोल्हापूरला आले तेव्हा ते या धंद्यात अगदी नवखे नव्हते. पण आपल्या भाषेत ते पहिल्यांदाच बोलणार होते.

आणि कोल्हापूर तेव्हा कसं होतं? बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवता रंगवता स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, तिथून माणसं घडली. १९२९ला प्रभात निघाली, १९३३ला पुण्याला गेली. पण गेली ती कंपनी. सुतार, रंगारी, पोशाख शिवणारे, प्रकाश सांभाळणारे, असे कितीतरी हात कोल्हापुरातच होते. लंकेचा दरबार कसा दिसतो, हे त्या हातांना सांगावं लागलं नसेल.

इथे थोडं मागे जाऊ या. १८४३मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. ते कशावरून सुचलं? कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या राजेसाहेबांनी पाहिले आणि तसं काही मराठीत करायला सांगितलं. पुढे सांगलीच्या, किर्लोस्करांच्या कंपन्या धारवाड, हुबळी, गदगला गेल्या आणि त्या बघून कानडीत नाटक कंपन्या निघाल्या. रामायणाचं कथानक कानडी मुलखातून आपल्याकडे आलं होतं. नव्वद वर्षांनी ते कोल्हापुरातून फिल्मच्या डब्यांत भरून बंगळूरला परत गेलं. या देण्याघेण्याचा हिशेब कुणी मांडत नाही. मला तो मांडावासा वाटतो, तोही बंगळूरमध्ये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा नट नायक नव्हता. 'सती सुलोचना'चा नायक इंद्रजित, नायिका त्याची पत्नी. रावण हा नायकाचा बाप. त्या वेळी नागेंद्ररावांचं वय किती होतं? सदतीस. सदतिसाव्या वर्षी या माणसानं लग्न झालेल्या मुलाचा बाप उभा केला. चरित्रनटाचं आयुष्य असंच असतं. नायक तरुण राहतो, चरित्रनट आधीच म्हातारा होतो आणि मग खरं म्हातारपण येईपर्यंत तीसतीस वर्षं त्या वयाचा सराव करत राहतो.

आणि तरीही मी म्हणेन, आरंभीच्या बोलपटाला नायकापेक्षा चरित्रनटाची गरज अधिक होती. का?

त्या काळात बोलपट घ्यायचे कसे, हे समजून घ्या. आज नट पडद्यावर ओठ हलवतो आणि गाणं दुसऱ्यानं गायलेलं असतं. ती सोय तेव्हा नव्हती. पार्श्वगायन आपल्याकडे १९३५च्या सुमारास सुरू झालं. त्याआधी नटानं बोलायचं ते तिथेच, गायचं तेही तिथेच. साथीदार कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसायचे. मायक्रोफोन एखाद्या खांबाआड किंवा झाडाच्या फांदीत लपवायचा, आणि नटानं त्याच्यापासून दूर जायचं नाही. दूर गेला की आवाज गेला. मध्येच चुकला तर सगळं पुन्हा, आणि फिल्म महाग. अशा वेळी कोण कामाला येणार? देखणा चेहरा? मुळीच नाही. पाठांतर पक्कं असलेला, सुरात गाणारा, एका दमात लांब भाषण तोलून नेणारा, समोरचा अडखळला तर सावरून घेणारा माणूस कामाला येणार. आणि असा माणूस नाटक कंपनीतच मिळत होता.

नागेंद्रराव असे कंपनीत मुरलेले होते. लहान वयात रंगभूमीवर आले, गावोगाव हिंडले, आणि पुढे सुब्बय्या नायडूंबरोबर स्वतःची कंपनी काढली, श्री साहित्य साम्राज्य नाटक मंडळी. नाव ऐका किती भारदस्त! पण कंपनीत असणं म्हणजे काय, हे तुमच्यातल्या जुन्या माणसांना माहीत आहे. आज राजा, उद्या विदूषक, परवा कुणी आजारी पडला म्हणून स्त्रीपार्ट. पेटी वाजवायची, तालीम घ्यायची, तिकीटविक्रीचा आकडा बघायचा, पुढच्या गावाचा तंबू ठरवायचा. या शिक्षणात 'हे काम माझं नाही' असं म्हणायची सवयच लागत नाही. बोलपटाला हीच सवय हवी होती.

मात्र या शिक्षणात एक अडचणही होती. तंबूत शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द ऐकू जायला हवा, म्हणून आवाज मोठा, हातवारे मोठे, डोळे मोठे. कॅमेरा तर दोन हातांवर. सवय सोडायची तरी किती? माझं मत असं, की नायकाचं काम करणाऱ्यांना ही सवय सोडणं अवघड गेलं, कारण त्यांच्या त्या ढंगावरच लोक फिदा होते. चरित्रनटाला आपली अशी ठरलेली लकब जपायची नसते. दर भूमिकेला तो नवा ढंग शोधतो, म्हणून कॅमेऱ्यासाठीही शोधू शकला.

आपल्याकडची दोन उदाहरणं घेतो. बाबूराव पेंढारकर. गंमत बघा, तेही १८९६चे, नागेंद्ररावांच्याच वयाचे. 'अयोध्येचा राजा'तले गंगानाथ, 'विलासी ईश्वर'मधला रंगेल पुरुष, पुढे अत्र्यांच्या चित्रपटातले महात्मा फुले, आणि 'दो आँखें बारह हाथ'मधला तुरुंगाधिकारी. एकाच माणसात हे सगळं! दुसरे केशवराव दाते. 'अमृतमंथन' मराठीत आणि हिंदीत निघाला. हिंदीत राजगुरू झाले चंद्रमोहन, त्यांच्या त्या डोळ्यांचं वर्णन अजून होतं. मराठीत तीच भूमिका दात्यांची. चंद्रमोहनांकडे डोळे होते, दात्यांकडे शब्दावरची हुकमत होती. तीन वर्षांनी 'कुंकू'मध्ये तेच दाते जरठ नवरदेव काकासाहेब झाले, आणि ज्या माणसाचा राग यायला हवा त्याची कीव यायला लागली. हे सामर्थ्य घडलं कुठे? नाटक कंपनीत.

आता नागेंद्ररावांची दुसरी भूमिका. १९४१, 'वसंतसेना'. म्हणजे शूद्रकाचं 'मृच्छकटिक'. चारुदत्त सुब्बय्या नायडू, वसंतसेना लक्ष्मीबाई, आणि शकार नागेंद्रराव. देवलांचं 'मृच्छकटिक' ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना शकार म्हणजे काय ते सांगायला नको. राजाचा मेव्हणा, मूर्ख, क्रूर, घाबरट, आणि स्वतःला विद्वान समजणारा. पुराणातली नावं उलटीसुलटी करतो. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याच्या लक्षात येतं की हा माणूस खरोखर गळा दाबणार आहे. रावणाला दरारा असतो, शकाराला तो नसतो. ज्यानं रावण गाजवला त्यानंच शकार करावा, यात मला नागेंद्ररावांची उंची दिसते. खलनायक एकच नसतो. सत्तेचा खलनायक वेगळा आणि सत्तेच्या सावलीत वाढलेला खलनायक वेगळा. हा फरक अंगात उतरवायला नट मुरलेला लागतो.

पण इथून पुढे त्यांची वाट पेंढारकर-दात्यांपेक्षा वेगळी होते, आणि त्याचं कारण भाषा आहे. मराठी नटाला त्या काळात प्रभात होती, विनायकरावांची मंडळी होती, मुंबईचा हिंदी चित्रपट दाराशी होता. कानडी नटाला काय होतं? वर्षाकाठी निघणारे मोजके बोलपट, तेही बहुतेक मद्रासच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या स्टुडिओत. म्हणजे भूमिका हवी असेल तर आधी चित्रपटच उभा करावा लागे. म्हणून हा नट दिग्दर्शक झाला.

१९४३चा 'सत्य हरिश्चंद्र'. निर्माते ए. व्ही. मेय्यप्पन, म्हणजे पुढचे एव्हीएम. दिग्दर्शक नागेंद्रराव, हरिश्चंद्र सुब्बय्या नायडू. फाळक्यांनी १९१३ला हरिश्चंद्रानंच सुरुवात केली होती, तेव्हा तारामती झाले होते अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातले आचारी. प्रभातनं पहिला मराठी बोलपट काढला तो हरिश्चंद्राचाच. आणि कानडीतही तोच राजा पुन्हा डोंबाच्या घरी पाणी भरायला गेला! नवी कला हातात आली की आपण हरिश्चंद्राकडे का वळतो, यावर एक वेगळं व्याख्यान होईल. आज ते राहू दे.

आज सांगायचं आहे ते 'सत्य हरिश्चंद्र'चं पुढे काय झालं ते. महायुद्धाचे दिवस. कच्च्या फिल्मची टंचाई, सरकारचं नियंत्रण. नवा तमिळ चित्रपट काढण्यापेक्षा मेय्यप्पनांनी हाच चित्रपट तमिळ आवाज लावून १९४४मध्ये दाखवला. भारतात असं डबिंग करून दाखवलेल्या अगदी पहिल्या चित्रपटांत त्याची गणना होते. चित्र कानडी नटांचं, आवाज तमिळ माणसांचे, आणि तो तमिळ मुलखात चालला.

विचार करा, नटाच्या दृष्टीनं ही केवढी घटना आहे. दहा वर्षांपूर्वी कोल्हापुरात मायक्रोफोनपासून हलायचं नाही, आवाज हीच खरी संपत्ती, असा नियम होता. आता तोच आवाज काढून ठेवला आणि चेहरा एकटाच परगावी पाठवला. मग नटाचं त्यात उरलं काय? उरली ती नजर, उभं राहणं, ऐकणं. हो, ऐकणं! समोरचा बोलत असताना आपण काय करतो, यावर चरित्रनट ओळखावा, असं मी मानतो. नायक आपल्या वाक्याची वाट बघत असतो. मुरलेला चरित्रनट समोरच्याचं वाक्य खरंच ऐकतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरून प्रेक्षकाला कळतं की बोललं गेलं ते किती गंभीर आहे. हे भाषेवाचून पोचतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९४७ला 'महात्मा कबीर' दिग्दर्शित केला. १९४९ला जेमिनीच्या 'अपूर्व सहोदरर्गळ' या तमिळ चित्रपटात एम. के. राधांच्या दुहेरी भूमिकेसमोर खलनायक उभा केला. १९५३ला स्वतःच्या आर. एन. आर. पिक्चर्सतर्फे 'जातक फल' काढला, कानडी, तमिळ आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत. १९५७च्या 'प्रेमद पुत्री'ला कानडी चित्रपटासाठीचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. आणि या चित्रपटांच्या आसपास त्यांचे मुलगे कामाला लागले. आर. एन. के. प्रसाद कॅमेऱ्यामागे गेले, आर. एन. जयगोपाल गीतकार झाले, आर. एन. सुदर्शन यांना वडिलांनी १९६१च्या 'विजयनगरद वीरपुत्र'मध्ये नायक म्हणून आणलं. बापानं आयुष्यभर बापाची कामं केली, मुलाला नायक केलं. सुब्बय्या नायडूंचे चिरंजीव लोकेश हेही पुढे कानडी पडद्याचे मोठे नट झाले. कंपनी मोडली, तरी घरात तिची रीत टिकली.

आता बंगळूरमध्ये उभं राहून जे म्हणायला धाडस लागतं, ते म्हणतो. कानडी चित्रपट म्हटलं की एक नाव येतं, डॉ. राजकुमार. यावं, आलंच पाहिजे. पण राजकुमार नायक म्हणून आले १९५४ला, 'बेडर कण्णप्पा'तून. त्याआधीची वीस वर्षं? 'सती सुलोचना'पासून 'बेडर कण्णप्पा'पर्यंत ही भाषा पडद्यावर कुणी जिवंत ठेवली? तिला तेव्हा मोठा स्टुडिओ नव्हता, हमखास गल्ला जमवणारा तारा नव्हता. ती जिवंत ठेवली नाटक कंपन्यांतल्या या माणसांनी, जी रावणही होत होती, शकारही होत होती, आणि रात्री बसून पुढच्या चित्रपटाच्या पैशाची जुळवाजुळवही करत होती. खुद्द राजकुमार कुणाचे पुत्र? सिंगानल्लूर पुट्टस्वामय्यांचे. तेही गुब्बी कंपनीतले नट. रावण, कंस, हिरण्यकशिपू अशा भूमिकांसाठी नावाजलेले. कानडीतला सर्वांत मोठा नायक एका चरित्रनटाच्या घरात वाढला, हा मला योगायोग वाटत नाही.

नागेंद्ररावांच्या उत्तरायुष्यातली एकच भूमिका सांगतो. १९६८, 'हण्णेले चिगुरिदाग'. त्रिवेणींची कादंबरी, एम. आर. विठ्ठल यांचं दिग्दर्शन, राजकुमार आणि कल्पना. विषय विधवेच्या पुनर्विवाहाचा. नागेंद्रराव त्यात घरातला कर्मठ वडीलधारा. आता वय बहात्तर. आता दाढी चिकटवायची गरज नाही, पाठीला बाक आणायची गरज नाही. पण मला त्या भूमिकेतलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. चौतीस वर्षांपूर्वी ज्या माणसानं रावणाच्या दरबारी गर्जना केली, तो इथे घरच्या ओसरीवर बसून साध्या आवाजात घरच्यांना नाही म्हणतो. पुराणातला बाप आणि घरातला बाप. दोघेही हट्टी, दोघेही स्वतःला कुळाचे रक्षक समजणारे, दोघांच्याही हट्टाचा भार घरातल्या स्त्रीवर. 'सती सुलोचना'त बापाच्या हट्टापायी सून विधवा झाली. इथे विधवेच्या वाटेत बाप उभा आहे. एकाच नटानं ही दोन टोकं आपल्या आयुष्यात गाठली. अभिनयाच्या शाळेत हे दोन चित्रपट शेजारी शेजारी दाखवावेत, असं मी म्हटलं असतं.

म्हणता येत नाही, कारण 'सती सुलोचना' उरलेला नाही. 'अयोध्येचा राजा' पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आजही पाहता येतो. आपल्या देशातला उपलब्ध असलेला तो सर्वांत जुना बोलपट. दोन वर्षांनी, त्याच कोल्हापुरात झालेला 'सती सुलोचना' मात्र गेला. नायट्रेटची फिल्म पेटते, गळते, चांदीसाठी वितळवलीही जाते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं ते १९६४ला. तोवर तीस वर्षं उलटली होती.

म्हणून एक विनंती करतो आणि थांबतो. त्या काळी प्रत्येक बोलपटाबरोबर गाण्यांची पुस्तिका विकत मिळायची, आण्या-दोन आण्यांना. हँडबिलं वाटली जायची. नटांचे फोटो काढून ठेवले जायचे. तुमच्यात चिकपेट, बळेपेट, अरळेपेट भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घराणी आहेत. कोल्हापूरशी नातं असलेले लोक आहेत; त्यांच्या आजोबा-पणजोबांपैकी कुणी तिथल्या स्टुडिओत सुतारकी केली असेल, पोशाख शिवले असतील, प्रकाशयोजना सांभाळली असेल. माळ्यावरची ट्रंक एकदा उघडा. कानडी वाचता येत नाही म्हणून एखादा कागद रद्दीत घालू नका. छत्रपती सिनेटोनचं नाव असलेलं पत्र, पावती, पुस्तिका, रावणाच्या मुकुटातला फोटो, जे सापडेल ते पुण्याच्या संग्रहालयाकडे किंवा इथल्या एखाद्या ग्रंथालयाकडे पोचवा. आणि फोटोच्या मागे कुणी काही लिहिलेलं असेल तर तेही तसंच राहू द्या, पुसू नका.